गाडीला मागचा डोळा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील दुपारच्या सत्रात केलेले भाषण. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



संयोजकांनी मला पंचवीस मिनिटं दिली आहेत आणि बजावलंय की आठवणी नकोत, त्या सकाळपासून भरपूर झाल्या; तुझ्या धंद्यातलं, लोकांच्या उपयोगी पडेल असं काहीतरी सांग. माझं सांगली-मिरज रस्त्यावर ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. बहुतेकांना ते माहीत आहे, कारण गाडीची बॅटरी उतरली की तुम्हाला माझी आठवण हमखास येते.

तर आज एकच विषय. आपल्या जुन्या गाडीला रिव्हर्स कॅमेरा आपल्या हातानं कसा बसवायचा. मागं कुणीतरी कुजबुजलं, ‘हा स्वतःचंच गिऱ्हाईक घालवतोय.’ घालवतोय, खरं आहे. पण दसरा-दिवाळीला दुकानात आठ गाड्या रांगेत असतात, पोरगं चाळीस मिनिटांत कॅमेरा लावून मोकळं होतं, वायर कुठून नेली हे गाडीवाला विचारत नाही आणि पोरगं सांगत नाही. तुम्ही केलंत तर एक अख्खा रविवार घालवाल, पण वायर कुठं आहे ते तुम्हाला ठाऊक असेल. शिवाय आपली १९८६ची तुकडी आता आजी-आजोबांची झाली आहे. मान पूर्वीसारखी वळत नाही आणि अंगणात नातवंडं आहेत. ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या की मला काळजी वाटते.

आधी काळजी कसली ते सांगतो. घरी गेल्यावर एक प्रयोग करा. क्रिकेटचा स्टंप घ्या. स्टंपची उंची २८ इंच, म्हणजे ७१ सेंटिमीटर. वर्षाचं मूल साधारण ७४-७५ सेंटिमीटर असतं, म्हणजे स्टंप त्याच्यापेक्षा जरासाच बुटका. तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर बसा, आणि दुसऱ्याला स्टंप उभा धरून बंपरपासून मागं मागं जायला सांगा. मधल्या आरशात स्टंपचं टोक दिसायला लागलं की ‘थांब’ म्हणा, आणि मग टेपनं अंतर मोजा. आज सकाळी मैदानावर आपल्याच चार गाड्यांवर आम्ही हे करून पाहिलं. कुठं पंधरा फूट, कुठं पंचवीस. उंची कमी असलेल्या बाईंच्या गाडीत त्याहून जास्त. म्हणजे बंपरच्या मागं एक खोली मावेल एवढ्या जागेत बाळ बसलेलं असलं तरी आरशाला त्याचा पत्ता नाही. बाजूचे आरसे बाजूचंच दाखवतात. त्यात आरसा स्वच्छ करून उपयोग नाही, डोळे तपासूनही नाही. मधे गाडीचं पत्र्याचं दार आहे, त्याच्या आरपार कोण बघणार?

अमेरिकेत ह्यावर कायदा झाला तो एका घरातल्या दुःखातून. न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडवर २००२ साली एक बाप घरासमोर आपली मोठी गाडी मागं घेत होता, आणि त्याचं दोन वर्षांचं मूल मागं आलं होतं. बाप स्वतः मुलांचा डॉक्टर. निष्काळजी माणूस नव्हे. आरसे बघत गाडी घेत होता. त्यानं पुढं ह्या कायद्यासाठी खटपट केली. २००८ साली कायदा मंजूर झाला, त्याला त्या मुलाचंच नाव आहे, कॅमेरॉन गुलब्रान्सन. पण प्रत्यक्षात प्रत्येक नव्या गाडीला मागचा कॅमेरा सक्तीचा व्हायला १ मे २०१८ उजाडावं लागलं. दहा वर्षं! नियमात दोन गोष्टी मला फार पटतात. एक, गाडीच्या मागची वीस फूट लांब आणि दहा फूट रुंद जागा पडद्यावर दिसली पाहिजे. दुसरी, रिव्हर्स टाकल्यापासून दोन सेकंदांत चित्र आलं पाहिजे. बाजारात कॅमेरा घेताना हीच दोन मापं डोक्यात ठेवा, विक्रेत्याच्या मेगापिक्सेलना भुलू नका.

आपल्याकडं १ जुलै २०१९पासून नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. कॅमेरा त्या सक्तीत नाही. त्याआधीच्या गाड्यांना बहुधा दोन्ही नाहीत. सेन्सर चांगली वस्तू आहे, पण तो मुका आहे. पीप-पीप करतो, समोर भिंत आहे, कुंडी आहे की माणूस, ते सांगत नाही. आणि बंपरच्या खालच्या अंगाला, जमिनीलगत काही पडलेलं असलं तर त्याला ते कळेलच असं नाही.

माझ्याकडं एक निवृत्त गृहस्थ आले होते, शेजारच्या गावचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू आलेला. सकाळी अंगणातून गाडी मागं घेताना चाकाखाली कट्कन आवाज झाला. उतरून बघतात तर नातवाची तीनचाकी सायकल. नातू कुठं? आत दूध पीत होता. पण हे त्यांना कळेपर्यंत जो अर्धा मिनिट गेला, तो त्यांनी मला तीन वेळा सांगितला. त्यांच्या गाडीला सेन्सर होते आणि ते वाजतही होते. पण फाटकाजवळच्या कुंड्यांमुळं ते रोजच वाजायचे, त्यामुळं त्या आवाजाकडं लक्ष द्यायचं सुटलं होतं. वाकडी झालेली सायकल डिकीत घालूनच ते दुकानात आले. म्हणाले, ‘किंमत विचारत नाही, बसवून द्या.’

आता कामाकडं वळतो.

घ्यायचं काय? कॅमेरा, पडदा आणि वायर. गाडीत आधीच टचस्क्रीनची म्युझिक सिस्टिम असेल तर तिच्या पाठीमागं बहुधा कॅमेऱ्याचं पिवळं सॉकेट दिलेलं असतं, त्यामुळं पडद्याचा खर्च वाचतो. नसेल तर आरशावर बसणारा पडदा मिळतो, तोही चालतो. कॅमेरा आणि पडदा एकमेकांची भाषा बोलतात का ते मात्र दुकानातच विचारा. जुने साधे कॅमेरे एका पद्धतीचं चित्र पाठवतात, नवे एएचडी कॅमेरे दुसऱ्या. दोन्हींचं सॉकेट सारखंच दिसतं, वायर बसतेही, पण पडदा काळा राहतो किंवा नुसत्या रेघा येतात. मग माणूस वायर तपासत बसतो आणि वायरीत दोष नसतोच.

कॅमेऱ्याच्या खोक्यावर आयपी ६७ किंवा ६८ असं लिहिलेलं बघा. पहिला ६ म्हणजे धूळ आत जात नाही. नंतरचा ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी चालतो. आपल्याकडचा पाऊस, लाल माती आणि धुलाई सेंटरवाल्याचा प्रेशरचा पाइप, हे तिन्ही बघता याच्या खाली उतरू नका.

बिनवायरचा कॅमेरा घ्यावा का, असं मला नेहमी विचारतात. मी नको म्हणतो. बिनवायर म्हणजे फक्त चित्राची वायर वाचली. वीज तर त्यालाही लागतेच, म्हणजे मागचं दार उघडणं टळत नाही. वाचलं काय, तर मधली दहा-पंधरा फूट वायर. आणि त्या बदल्यात चित्र कधी अडखळतं, कधी उशिरा येतं. ज्या वस्तूवर अर्ध्या सेकंदात ब्रेक दाबायचा आहे, तिच्या बाबतीत हा सौदा मला महाग वाटतो.

बाहेरून मागवलेले काही कॅमेरे नंबर प्लेटच्या चौकटीत बसवलेले येतात. प्लेटचे स्क्रू काढा, चौकट लावा, झालं. दिसायला फार सोपं. पण आपल्या उच्च सुरक्षा नंबर प्लेटला एकदाच बसणारं कुलूप असतं, ते तुटल्याशिवाय प्लेट निघत नाही. ते तोडायचं नाही. प्लेटवरचा एकही आकडा झाकायचा नाही. त्यापेक्षा प्लेटच्या वर, जिथं तिचे दिवे असतात, तिथं बहुतेक गाड्यांना प्लास्टिकची पट्टी असते. ती जागा उत्तम. मधोमध आहे, वरून आडोसा आहे, प्लास्टिकला भोक पाडलं तर गंजत नाही, आणि दिव्याच्या वायरीसाठी आत जायची वाट आयतीच असते. बोलेरोसारखी मागच्या दारावर स्टेपनी असलेली गाडी असेल तर कॅमेरा आधी हातात धरून बघा, नाहीतर अर्ध्या पडद्यावर टायरच दिसायचा.

पत्र्याला भोक पाडण्याची वेळ आलीच तर आधी आतलं कव्हर काढून त्या जागेमागं काय आहे ते डोळ्यांनी बघा. ड्रिल घसरू नये म्हणून वर चिकटपट्टी लावा. आणि भोकाच्या कडेला त्याच दिवशी रंग लावा. उद्या नाही. रत्नागिरी-मालवणकडच्या मंडळींसाठी हे खास सांगतो. उघड्या पत्र्याला खाऱ्या हवेत एक पावसाळा पुरतो. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर त्या भागात ड्रिल न्यायचंच नाही आणि टाकीच्या पट्ट्या-नळ्यांना वायर बांधायची नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच कुणी करत नाही. काहीही फिट करायच्या आधी सगळं गाडीबाहेर जोडून बघा. कॅमेरा बॉनेटवर ठेवा, बारा व्होल्ट द्या, वायर जमिनीवरून पडद्यापर्यंत पसरा, चित्र येतंय का बघा. दहा मिनिटांचं काम. सगळी गाडी सोलून, वायर पार डॅशबोर्डपर्यंत नेऊन, कव्हरं लावून झाल्यावर कॅमेराच मेलेला निघाला, असं घडलेली माणसं माझ्याकडं येतात. त्यांच्या चेहऱ्यावरूनच मला कळतं.

आत शिरण्यापूर्वी दोन रंग लक्षात ठेवा. पिवळी जोडणी किंवा पिवळं आवरण असलेली वायर म्हणजे एअरबॅग. तिला हात लावायचा नाही, तिच्यावरून वायर न्यायची नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतली जाड नारिंगी केबल म्हणजे जिवाशी गाठ. बाकी सगळं बारा व्होल्टचं आहे, शॉक लागत नाही. पण बारा व्होल्टला आग मात्र लागते, त्याकडं पुढं येतो.

मागच्या दारातून वायर गाडीत आणणं हा ह्या कामातला खरा घाट आहे. दार आणि छत यांच्यामधे पन्हाळीसारखी घड्या असलेली एक रबरी नळी दिसते. गाडीच्या मूळ वायरी तिच्यातूनच जातात, आणि आपलीही तिच्यातूनच गेली पाहिजे. लोक काय करतात, दाराच्या फटीतून वायर आत घेतात. दार रोज तिच्यावर आपटतं, दोन महिन्यांत वायर कापली जाते, आणि त्याच फटीतून पाणी डिकीत उतरतं. रबरी नळीची दोन्ही टोकं हलक्या हातानं सोडवा. ताठ पण गुळगुळीत टोकाची तार आधी घाला, तिला आपली वायर टेपनं बांधा आणि ओढून घ्या. अडलं तर साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा ऑइल नको, रबर फुगतं. वायर आत आली की दार दहा वेळा उघडून-मिटून बघा; कुठं ताण येत असेल तर आत्ताच कळेल. नळीचं टोक परत नीट बसलंय का ते बोट फिरवून तपासा.

पुढं वायर डाव्या बाजूनं न्या, ड्रायव्हरच्या बाजूनं नको. ड्रायव्हरच्या पायापाशी तीन पेडल आहेत, तिथं सैल वायर लोंबता कामा नये. दाराच्या उंबऱ्याची प्लास्टिकची पट्टी हातानं उचलली की क्लिपांतून सुटते. पेचकस खुपसू नका, प्लास्टिकवर कायमचा दात उमटतो. खाली आधीच मूळ वायरींचा जुडगा असतो, त्याच्याबरोबर दर फुटावर केबल टायनं बांधत जा. मागची सीट जिथं दुमडते आणि पट्टा जिथून गुंडाळतो त्या जागा टाळा. खांबाच्या आत काही गाड्यांत पडदा एअरबॅग असते. तिथं वायर तिच्या मागून जावी, पुढून नव्हे.

आता वीज. बाई समोर बसल्या आहेत म्हणून जरा जपून बोलतो. सातवीत त्यांनी टॉर्चचा बल्ब, सेल आणि तांब्याची तार घेऊन जे शिकवलं, त्याच्यापलीकडं ह्यात काही नाही.

कॅमेऱ्याला वीज मागच्या पांढऱ्या दिव्यातून घ्यायची, कारण तो दिवा रिव्हर्स टाकल्यावरच लागतो. म्हणजे कॅमेराही तेव्हाच चालू होईल. हॅण्डब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, इंजिन बंदच ठेवून चावी ऑन करा आणि रिव्हर्स टाका. ऑटोमॅटिक गाडी असेल तर ब्रेक दाबून. काही गाड्यांत रिव्हर्सचा दिवा एकाच बाजूला असतो, गोंधळू नका. होल्डरपाशी मीटर लावा. ज्या वायरीवर रिव्हर्स टाकल्यावर बारा व्होल्ट येतात आणि काढल्यावर जातात, ती आपली. रंगावर विश्वास ठेवू नका. कंपनी बदलली की रंग बदलतो. वायर सापडली की चावी बंद करून बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढा आणि मगच जोडायला घ्या.

त्या जोडावर, वायरीच्या सुरुवातीलाच, एक अँपिअरचा फ्यूज टाका. म्हणाल, गाडीत फ्यूज आहेच की. आहे, पण हिशेब बघा. रिव्हर्सचा बल्ब २१ वॅटचा, म्हणजे पावणेदोन अँपिअर. त्या सर्किटचा फ्यूज दहा किंवा पंधरा अँपिअरचा असतो, आणि तो गाडीच्या जाड वायरीला सांभाळण्यासाठी आहे. कॅमेऱ्याची वायर केसासारखी बारीक. ती कुठं घासून पत्र्याला लागली, तर मोठा फ्यूज उडायच्या आधी ही वायर तापून वितळेल, आणि ती तर सीटच्या कापडाशेजारून गेलेली आहे. मघाशी आग म्हणालो ती ही. दहा रुपयांचा फ्यूज आहे. दुकानात घाईत बसवलेल्या दहा गाड्या उघडल्या तर किती गाड्यांत तो सापडेल, ह्यावर मी पैज लावणार नाही.

चित्राच्या केबलसोबत एक बारीक लाल वायर सुटी आलेली असते. लोक ती कापून टाकतात. ती पडद्याला निरोप देण्यासाठी आहे: मागच्या टोकाला ती दिव्याच्या पॉझिटिव्हला, पण फ्यूजच्या पुढं जोडायची, आणि पुढच्या टोकाला सिस्टिमच्या ‘रिव्हर्स’ किंवा ‘बॅक’ लिहिलेल्या वायरीला. दिवा लागला की सिस्टिमला बारा व्होल्ट दिसतात, आणि ती गाणी बाजूला सारून कॅमेरा दाखवते.

जोड कसा करायचा? वायर चिमट्यात धरून दाबायचे छोटे प्लास्टिकचे क्लिप मिळतात. घरात ठीक, मागच्या दारात मला आवडत नाहीत. त्यातलं पातं तांब्याचे तंतू कापतं, आणि एकदा दमट हवा लागली की हिरवा गंज धरतो. सोल्डर करा आणि वर तापवल्यावर आक्रसणारी नळी चढवा, किंवा नीट क्रिंप करा. नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर उन्हाळ्यात डिंक सुटून उघडी पडते. निगेटिव्हसाठी दिव्याचीच अर्थ वायर घ्या, नाहीतर रंग खरवडून पत्र्याच्या बोल्टला लावा. चित्रात आडव्या लाटा येत असतील तर दहात नऊ वेळा दोष अर्थिंगचा असतो.

नव्या गाड्यांत एक वेगळी भानगड आहे. तिथं दिव्याला सलग वीज न देता कंप्युटर ती चालू-बंद, चालू-बंद अशी झपाट्यानं देतो. बल्बला फरक कळत नाही, कॅमेरा मात्र लुकलुकतो. अशा वेळी मधे रिले किंवा फिल्टर टाकावा लागतो. वॉरंटीतल्या गाडीची मूळ वायर कापलेली दिसली तर कंपनी त्या भागाची जबाबदारी नाकारू शकते, हेही ध्यानात ठेवा. अशी गाडी असेल तर मी स्पष्टच सांगतो, माझ्याकडं आणा किंवा शोरूमला न्या. पण २०१५ची स्विफ्ट, वॅगन-आर, आय-टेन असली गाडी तुमच्या हातची आहे.

बसवून झालं की चित्र उलटं की सुलटं ते तपासा. ह्यात पुष्कळांची गल्लत होते. मागच्या गाडीची नंबर प्लेट पडद्यावर नीट वाचता आली तर लोक खूश होतात. तेच चूक आहे! पडदा आरशासारखा हवा. उजवीकडचं उजवीकडं दिसलं पाहिजे, म्हणजे अक्षरं उलटी दिसली पाहिजेत. अक्षरं सुलटी दिसत असतील तर चाक नेमकं भिंतीकडं फिरवाल. कॅमेऱ्याच्या शेपटीला वायरीचा एक छोटा फास असतो, तो कापला की चित्र फिरतं. कुठल्या रंगाचा फास कशासाठी, ते खोक्यातल्या कागदावर असतं. तो कागद फेकू नका.

पडद्यावरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेघा कंपनीनं अंदाजानं काढलेल्या असतात. तुमचा कॅमेरा किती उंचीवर, किती कलता बसलाय हे कारखान्याला कसं ठाऊक असणार? म्हणून फक्की घ्या. बंपरपासून एक, दोन आणि तीन मीटरवर जमिनीवर आडव्या रेघा मारा, गाडीच्या रुंदीएवढ्या. आणि पडद्यावर बघा, लाल रेघ कुठं पडते. बंपरची कड पडद्याच्या तळाशी किंचित दिसेल इतपत कॅमेरा खाली कलता ठेवा. आभाळ बघून आपल्याला काय करायचंय. हे कॅमेरे रुंद बघतात म्हणून वस्तू आहे त्याहून लांब वाटते. फक्कीच्या रेघांवरून दोन-चार वेळा गाडी मागं नेली की नजर बसते.

मागं बघायच्या यंत्राचा शोध काही कालचा नाही, हे जाता जाता सांगतो. १९५६ साली ब्यूक कंपनीनं सेंचुरियन नावाची नमुन्याची गाडी प्रदर्शनात ठेवली होती, तिला आरशाऐवजी मागं टीव्हीचा कॅमेरा होता. आपल्याकडं तोवर टीव्हीच यायचा होता. आपला कॅमेरा म्हणजे एसटीचा कंडक्टर. खाली उतरून, मागं उभं राहून शिट्टी वाजवणारा, पत्र्यावर थाप मारणारा. तो एक गोष्ट करायचा जी माझा कॅमेरा करत नाही: तो पोरांना हाकलायचा. म्हणून अंगणात मुलं असतील तर गाडीत बसण्यापूर्वी एक फेरी मारा, आणि मूल कुणाच्या तरी हाताला धरलेलं आहे हे बघा. पडद्यावर दिसणाऱ्या जागेत मूल बाजूनं धावत यायला दोन सेकंद लागत नाहीत. काचेवर चिखल असेल तर कॅमेरा नाहीच असं समजा; डिकीत एक फडकं ठेवा.

वेळ झाली अशी चिठ्ठी आली आहे. दोन प्रश्न घेतो.

(श्रोत्यांतून: खर्च किती?) बरा कॅमेरा हजार ते दीड हजारात, आरशावरचा पडदा साधारण दोन हजारांत. वायर, फ्यूज, नळ्या धरून आणखी दोन-तीनशे. मल्टिमीटर नसेल तर घ्या, तीन-चारशेचा पुरतो आणि पुढं घरातही कामाला येतो. मजुरी तुमचा रविवार.

(श्रोत्यांतून: ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला बसतो का? कारखान्यावर ऊस घेऊन जाताना मागचं काहीच दिसत नाही.) अरे, फार चांगलं विचारलंस. बसतो. ट्रॅक्टर बारा व्होल्टचाच आहे. ट्रकवाल्यांनो, तुमचं चोवीस व्होल्टचं असतं, बारावाला कॅमेरा लावलात तर पहिल्याच रिव्हर्सला जळेल. तुम्ही बारा-ते-चोवीस लिहिलेला घ्या. ट्रॉलीची अडचण वेगळी आहे. ती रोज जोडायची-सोडायची, म्हणून वायर मधे सुटणारी हवी, पाणी न शिरणारी पिनवाली जोडणी. ती टोइंग हूकच्या वर बांधायची, लोंबती नको, वळताना तुटते. कॅमेरा ट्रॉलीच्या मागच्या फळीच्या खालच्या अंगाला, उसाच्या वाढ्यांनी झाकणार नाही असा. आणि ट्रॅक्टरला बहुधा रिव्हर्सचा दिवा नसतो, त्यामुळं वीज वेगळ्या स्विचवरून घ्यावी लागेल, फ्यूज टाकूनच. हंगाम सुरू व्हायच्या आत दुकानावर ये, येताना ट्रॉली जोडून आण.